मामा, बटणावर चालू झाली

मामा, तुमच्या शोकसभेत मी असा घोळ घातला की उदगीरचा मोंढा तो आता विसरत नाही.

तुमच्या मागचा विधी, शिवगणाराधना, झाली आणि दुसऱ्या दिवशी धान्यबाजारातल्या आडत्यांनी तुमच्या दुकानासमोर सभा ठेवली. खुर्चीवर तुमचा फोटो, कपाळाला लावलेल्या विभूतीसकट, आणि शेजारी तुमची काळी फटफटी. हा आग्रह बसवराज सावकारांचा. शाळेपासूनचे तुमचे दोस्त, दुकानाला दुकान लागून, त्यांना नाही कोण म्हणणार? "आप्पाचा फोटू एकटाच कसा दिसंल? फटफटी पायजे." ती घरून ढकलत आणायचं काम साहजिकच जावयाकडं आलं. मी आणली, मधल्या स्टँडवर लावली, पुसली. पुसताना जे जे फिरत होतं ते ते फिरवून पाहिलं, त्यात पेट्रोलचा कॉकही फिरला असावा. कुणीतरी म्हणालं, हेडलाइट लावा, बरं दिसंल. मी चावी फिरवली. बॅटरी माझ्याच दुकानातली, त्यामुळं दिवा लख्ख लागला आणि तेवढ्या दुःखातही मला धंद्याचा अभिमान वाटला.

सावकारांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. हमाल, आडते, मुनीम, समोरच्या ओट्यावर बायका, त्यांच्यात मामी आणि तुमची नंदा, सगळे उभे राहिले. मी गाडीला लागूनच होतो. मान खाली घातली, डोळे मिटले, आणि तुमचा चेहरा असा काही समोर आला की हात आपोआप गाडीकडं गेला. आधाराला म्हणून हँडल घट्ट धरलं. अंगठा कशावर पडला हे तुम्हाला सांगायला नको.

घर्र, आणि लागलीच धडधड, धडधड. एका दाबात. तुम्ही गेल्यापासून कोणी चालू न केलेली गाडी, आणि जशी काही तुम्ही आत्ताच चहाला उतरला होतात.

मी काय करायला पाहिजे होतं? चावी बंद करून हात जोडायचे. मी काय केलं? भर सभेत, फोटोकडं बघत, मोठ्यानं म्हणालो, "मामा, बटणावर चालू झाली."

माझ्या तोंडून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं. आपलं भांडण तिथंच येऊन थांबलं होतं ना.

तुम्ही उदगीरच्या मोंढ्यात भुसार आडत करणारे, मी नांदेडला इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकणारा. तुमच्याकडं मुलगी दाखवायच्या आधी मुलाला फटफटी दाखवायची पद्धत होती. मी शर्ट खोचून, केसाला तेल लावून बैठकीत बसलो होतो, तर तुम्ही म्हणालात, "उठा पाव्हणं, जरा गाडी चालू करून बघा." मला वाटलं, कुठं जायचंय वाटतं. मी जोर लावून किक हाणली. तुमच्या गाडीनं ती जशीच्या तशी परत केली. मी उडालो तो तुरीच्या पोत्यांवर, पण हँडल सोडलं नाही, त्यामुळं गाडी माझ्या अंगावर तिरकी लटकत राहिली. चहापोह्यांना मी लंगडत आलो. नंदा माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, "लई लागलं का?" आणि तुम्ही आत जाऊन मामींना सांगितलेलं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, "पोरगं पडलं, पर गाडी पडू दिली न्हाई. देऊन टाकू."

पुढं तुम्हीच शिकवलंत. घाई करायची नाही. किक हळूच दाबत न्यायची, हेडलाइटवरच्या मीटरचा काटा मधोमध आला की पिस्टन जागेवर आला असं समजायचं, मग एकच, पण मनापासून. तुमची ती एक म्हणजे मोंढ्याचा भोंगा होता. रोज सकाळी महादेवाला पाणी घालून तुम्ही निघायचात आणि धडधड वळणावर आली की लोक कुलपाला किल्ली लावायचे. मला मात्र ते कधी जमलं नाही. मी काटा मधे आणायचो तोवर तो पलीकडं गेलेला असायचा.

मग तुमचा गुडघा गेला. लातूरला वाटी बदलली. डॉक्टरांनी बजावलं की चाला, जिने चढा, पण ह्या पायानं किक मारायची नाही, कधीच नाही. गाडीवर ताडपत्री पडली. तुम्ही ऑटोनं दुकानाला जायला लागलात, सीटच्या कडेला, दुसऱ्याचं सामान सांभाळत बसल्यासारखे. थोड्या दिवसांनी तेही बंद केलंत. दुकान मुनीम उघडायचा. फोन केला की तुम्ही "हाव" आणि "न्हाई" यापलीकडं जात नव्हतात. नंदा फोन ठेवून माझ्याकडं बघायची. "अहो, बाबा बसून चाललेत. काहीतरी करा." ज्या माणसाला आपण तुरीच्या पोत्यासारखं पक्कं समजत आलो तो रोज थोडा थोडा सांडत होता, आणि माझ्याजवळ बॅटरीशिवाय काही नव्हतं.

म्हणून मी स्टार्टरचं काढलं. तुमचं उत्तर तयारच होतं.

"बटण मिक्सरला असतंय, पाव्हणं. फटफटीला लात असती."

"आता सगळ्याच गाड्यांना बटण असतं मामा."

"अन् सगळ्या गाड्या सकाळच्या पारी टक टक करीत उभ्या असतेत. बॅटरी उतरती, वायर ढिली हुती, रिले जळती. लात उतरल्याली कधी ऐकलाव का तुम्ही? ज्याचा धंदाच बॅटरीचा, त्याला बटण ग्वाडच लागणार."

आतून मामींचा आवाज आला, "लात उतरत न्हाई म्हणं. मग त्या वॉकरला धरून कोण चालायलंय घरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडला निघालो तेव्हा तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "न्या गाडी लातूरला. पर किक काढू देऊ नका. ती ऱ्हायली पायजे."

लातूरच्या मिस्त्रीनं गाडी बघून आधी कौतुक केलं, मग खरं सांगितलं. स्टार्टर बसतो, डाव्या अंगाची झाकणी बदलायची, मोठी बॅटरी टाकायची, त्यात काही नाही. टिकवणं अवघड. असल्या जुन्या इंजिनाचा दाब दांडगा. थंड गाडीला नुसतं बटण दाबत बसलं की आतला क्लच घसरायला लागतो, मग गाडी चालू होत नाही, नुसतं खर्रर्र ऐकत बसायचं. "लोक बसवून नेतेत अन् वर्षाच्या आत शिव्या देत परत येतेत," तो म्हणाला. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, मिस्त्री म्हणाला एकदम भरोशाचं काम आहे. त्यासाठी लागणारी मोठी बॅटरी मी नांदेडहून एसटीत चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन गेलो होतो, कारण खाली ठेवली तर आडवी होईल ही भीती. शेजारच्या बाईनं विचारलं, लेकराला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, सासऱ्याकडं चाललंय.

अंगणात तुम्ही पहिल्यांदा बटण दाबलंत ते तापलेला तवा तपासावा तसं, टोकानं. गाडी चालू झाली. तुम्ही फक्त "साकू" म्हणालात आणि चावी बंद केलीत. तुम्ही मनातलं बोलायचं झालं की कन्नडमधे बोलायचात. मी मामींकडं पाहिलं. "पुरे म्हणायलेत," त्या म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. सपशेल नापास.

पण दोन दिवसांनी सकाळी मामींचा फोन आला. "ऐका," एवढंच म्हणाल्या आणि फोन खिडकीबाहेर धरला. धडधड लांब लांब जात होती, मोंढ्याकडं. नंदानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आवाज संपल्यावरही कानाला लावून बसली.

त्या दिवशी दुपारी मी मोठ्या ऐटीत तुम्हाला फोनवर विचारलं, "मग? कसा काय आहे स्टार्टर?"

"काय म्हाईत. मी बटणाला हातच लावलो न्हाई. लातंनं चालू केलो."

मामा, मी खाली बसलो. नवी वाटी, डॉक्टरांची ताकीद, आणि माणूस किक मारतोय. नंदा तुमच्याशी रोज भांडायला लागली. दिवाळीला ती माहेरी गेली ती तुमच्या पायात बेड्या घालायच्या तयारीनं. परत आल्यावर मात्र त्या विषयावर एक अक्षर बोलेना. मला वाटलं, थकली बिचारी. मग ती लढाई मी एकट्यानं चालवली.

काय काय नाही केलं मी. महिन्या-दोन महिन्याला बॅटरी तपासायचं मीटर खिशात टाकून उदगीरला यायचो. बॅटरी तपासायचो, तिच्या टोकाला ग्रीस लावायचो, आणि दुकानासमोर करीमभाईच्या चहावर तुम्हाला भाषण द्यायचो. न वापरलेला स्टार्टर गंजतो मामा. यंत्राला सवय लागते मामा. तुम्ही बशीतला चहा संपवून मोंढा साक्षीला बोलवायचात. "सावकार, ह्यांना सांगा जरा. मी गाडी कशानं चालू करतो?" सावकार गंभीर चेहऱ्यानं, "लातंनं." हमाल, "लातंनं." करीमभाई गाळणी हातात धरून, "लातंनं." मी हरून नांदेडला परत.

संध्याकाळी घरून निघताना तुम्ही हमखास मला म्हणायचात, "पाव्हणं, तेवढं फाटक उघडा." मी फाटकाशी पाठमोरा, तेवढ्यात मागं धडधड. वळून बघावं तर तुमचा पाय किकवर आणि चेहऱ्यावर पैलवानाचा भाव. बटणावरची खूण झिजून ते गुळगुळीत झालं होतं, हेही मी पाहिलं होतं. धुळीनं झिजलं असेल, असं मी ठरवलं. बॅटऱ्यांच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस मी, मामा.

तर शोकसभेत गाडी चालू. माझा हात चावीकडं गेला तसा सावकारांनी मनगट धरलं. "राहू द्या." मग उरलेली स्तब्धता सगळ्यांनी त्या धडधडीवर पाळली. कुणी हललं नाही. ओट्यावर मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत.

स्तब्धता संपली आणि मला राहवेना. तुम्ही नव्हतात म्हणून मी मोंढ्यालाच सांगितलं, "बघा. मामांनी इतकी वर्षं बटणाला हात लावला नाही, तरी स्टार्टर पहिल्या दाबात बोलला. याला भरोसा म्हणतात."

करीमभाई खाली बघायला लागला. मग सावकारांकडं बघून म्हणाला, "अब बोल दूं क्या?"

"सांग, सांग. आता आप्पा काय रागवायलाय व्हय."

"दामादजी," करीमभाई म्हणाला, "रोज बटण पे-च चालू करते थे. हमकू तो पैले दिन से मालूम है. पांव किक पे, अंगूठा बटण पे. पैले दिन तो पांव नीचे आने के पैलेच गाडी चालू हो गई. अन् वो घर्र? लात की गाडी में घर्र कहां से आएगा?"

"पूर्ण मोंढ्याला ठावं होतं," सावकार म्हणाले. "एक तुमच्याशिवाय."

"मग तुम्ही सगळे 'लातंनं' म्हणायचात ते?"

"आप्पाची इज्जत हाय की न्हाई काही?"

एक हमाल हसला, मग दुसरा, मग ज्यांनी हार आणले होते ते. विभूती लावलेल्या, गळ्यात उपरणी घेतलेल्या एवढ्या माणसांना शोकसभेत पोट धरून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते सगळे मला हसत होते. मामींनी पदर बाजूला केला. त्या रडत नव्हत्याच. डोळ्यांत पाणी होतं, पण ते दोन्हीचं होतं.

"अंगणात तालीम करायचे," त्या म्हणाल्या. "बोट अन् पाय बरुबर पडायसाठी. म्या म्हणलं, अहो, सांगा की जावयाला, बिचारा जीव तोडून बोलायलाय. तर म्हणले, सांगितलं तर त्ये मीटर घेऊन उदगीरला कशाला यील?"

मामा, तेव्हा मी चावी बंद केली. कारण पुढचं मला शांततेत ऐकायचं होतं, आणि पुढं काही नव्हतं. तेवढंच होतं.

आता माझंही ऐका, कारण तुम्ही असताना हे सांगायचं राहून गेलं. चांगल्या बॅटरीला महिन्या-महिन्याला मीटर लावायची गरज नसते. गिऱ्हाईकाला मी सांगतो, वर्षातून एकदा घेऊन या. तुमची बॅटरी ठीक आहे हे मला नांदेडला बसून कळत होतं. मीसुद्धा भांडायलाच येत होतो. माझे वडील मी लहान असताना गेले. मोठ्या माणसाशी हुज्जत घालायची, हरायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या वेळच्या मुद्द्यांची एसटीत जुळवाजुळव करायची, ही चैन मला तुमच्यामुळं मिळाली. आपण दोघंही एकमेकांना फसवत होतो, आणि मामींना दोन्हीकडचा हिशोब लागला होता.

आणि भांडणाचा निकाल? तो लागला, मामा, अगदी देखणा लागला. मी लातूरच्या त्या मिस्त्रीला फोन करून विचारलं, इतरांचे वर्षात परत येतात, मग आमचा इतकी वर्षं कसा टिकला? त्यानं विचारलं, आप्पा चालू करताना काय करायचे? मी सांगितलं, किकवर पाय ठेवून हळूच दाबायचे, आणि बटण. तो म्हणाला, "मग टिकणारच की. पायानं पिस्टन जागेवर आणून दिल्यावर स्टार्टरला काम काय उरतंय?" म्हणजे तुम्ही लोकांसाठी जे सोंग केलंत, तेच औषध होतं. बटणाला तुमच्या पायानं जगवलं, आणि तुमच्या पायाला बटणानं. बाजारात इतके तंत्रज्ञ आहेत, हे कुणाला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं ते केवळ अब्रूपायी.

आणि शेवटच्या दिवशी घरी येऊन गाडी लावताना तुम्ही सवयीनं किक दाबून काटा मधोमध आणून ठेवला असणार. उद्या सकाळी जायचंय म्हणून. नाहीतर माझ्यासारख्याच्या नुसत्या अंगठ्यानं ती अशी उठली नसती. तुम्ही लिंगैक्य झालात, पण गाडी तयार ठेवून गेलात. त्या सभेत गाडी चालू झाली ती निम्मी तुमच्या पायानं. माझा विजय झाला असं मी आता म्हणत नाही. आपला झाला.

मामी म्हणाल्या, "न्या नांदेडला. हितं उभी राहिली तर तिचा गुडघा जाईल." निघायच्या दिवशी मोंढ्यातून जायचं, हे ठरलेलंच होतं. नंदा मागं बसायला तयार, लोक दुकानांतून बाहेर आलेले. मी पाय किकवर ठेवला, हळूच दाबत नेला. काटा मधे आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथंच थांबला. मग अंगठा आणि पाय.

घर्र, धडधड.

सावकारांनी हमालांकडं वळून विचारलं, "कशानं चालू केली रे पाव्हण्यानं?"

"लातंनं," सगळा मोंढा म्हणाला. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मामा, मी तुमच्यासारखा ताठ बसलो. वळणावर हॉर्न दिला. जळकोटच्या रस्त्याला लागेपर्यंत नंदानं मागून माझा शर्ट घट्ट धरून ठेवला होता. वाटलं, बापाची गाडी, बापाचा रस्ता, भरून आलं असेल. मग तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि कानाशी म्हणाली,

"पाय उशिरा पडला तुमचा. बाबांचंही आधी असंच व्हायचं. त्या दिवाळीत रोज मी अंगणात समोर उभी राहून सांगितलं, तेव्हा कुठं जुळलं."